भीमगडातली गावं उठवायची की राहू द्यायची?

रानवेडा_खानापूर: तळेवाडीसारख्या गावांना कुटुंबामागे 15 लाख देऊन अभयारण्याबाहेर काढायलेत. माझा पाठिंबा आहे. बेळगाव जिल्ह्यातलं भीमगड अभयारण्य 2011 ला जाहीर झालं, जेमतेम 190 चौरस किलोमीटर, आणि आत इतकी गावं! कृष्णापूरकडच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. लांब कान थेट नाकावर आलेले, मानेवर फिकट पट्टा. कित्येक दशकं जगात त्याचा हा एकच ठिकाणा माहीत होता. ते टिकवायचं तर माणसाची वर्दळ कमी व्हायलाच पाहिजे.

हेम्माडग्याचा_गडी: वटवाघळाला गावानं काय केलंय म्हणे? पिढ्यान् पिढ्या आम्ही हितंच हाय, तेबी हितंच हाय. गुहेत टॉर्च घेऊन कोण जातंय, ते बघा आधी. आमचं भात गवे तुडवून जातात, तरी कुणी बंदूक उचलली नाही.

रानवेडा_खानापूर: दादा, तुमच्यावर आरोप नाही. पण गाव म्हटलं की वीज, रस्ता, मग गाड्या आणि पुढं रिसॉर्ट. हे थांबवणार कोण?

वकील_टिळकवाडी: रिसॉर्टवाले तळेवाडीचे आहेत काय? 2006 चा वनहक्क कायदा वाचा. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क ठरवून मान्य होईपर्यंत कुणाला हलवता येत नाही. दावे निकाली काढले का, एवढंच सांगा. शिवाय ते वटवाघूळ पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडलंय. 'एकच ठिकाणा' हे आता जुनं झालं.

रानवेडा_खानापूर: सापडलंय, मान्य. म्हणून हिथली वसाहत सोडून द्यायची? वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते, वाघाच्या रांगेत.

कणकुंबीकर: गंमत बघा. म्हादई खोऱ्यातल्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायला 2018 ला पाणीवाटप लवादानं कर्नाटकाला 3.9 टीएमसी दिलं, त्यासाठी जंगल चिरायची तयारी चालू आहे, तिथं कुणाला म्हादईची प्रजाती आठवत नाही. आठवते ती म्हातारीची झोपडी.

रानवेडा_खानापूर: त्या प्रकल्पालाही माझा विरोधच आहे. एक चूक म्हणून दुसरी कशी चालेल?

पस्तोलीची_लेक: तुम्ही दोघं भांडा. पावसात नाला भरला की आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागतं, म्हणून आमच्यातली पोरं जायला तयार आहेत. आजी म्हणते, देव हिथं, मी जाणार नाही. मला एवढंच विचारायचंय: 15 लाखांत खानापुरात घर होईल, पण म्हशी कुठं बांधायच्या?