माइनक्राफ्ट सर्व्हरने डिस्क भरली. मुलांनी बांधलेले न गमावता जागा कशी मोकळी करावी?

प्रश्न

नमस्कार. जुळे सोलापूर येथे आमच्या घरी एका जुन्या संगणकावर मी मुलांसाठी व त्यांच्या मित्रांसाठी माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर चालवतो. दोन वर्षांत मुलांनी त्यात भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि तलावातले सिद्धेश्वर मंदिर एकेक ठोकळा रचून उभे केले आहे. परवा रात्री २४० जीबीची एसएसडी पूर्ण भरली आणि सर्व्हर बंद पडला. खेळातल्या जगाचा फोल्डर १४ जीबीचा आहे. रोज पहाटे त्याची झिप करून मी त्याच डिस्कवर ठेवतो. अशा १३ झिप साठल्या असून प्रत्येक जवळपास १३ जीबीची आहे. मुलांच्या कामाला धक्का न लावता काय काढून टाकता येईल?

पहिले उत्तर

आपली जागा जगाने नव्हे, बॅकअपने खाल्ली आहे. जग ज्यात साठते त्या रीजन फोल्डरमधल्या एमसीए फाइलींत प्रत्येक चंक, म्हणजे जगाचा १६ बाय १६ ठोकळ्यांचा तुकडा, आधीच दाबून साठवलेला असतो, त्यामुळे झिप करून जेमतेम काही वाचते आणि न बदललेला मजकूर रोज नव्याने साठत जातो. त्याऐवजी रेस्टिक हे बॅकअपचे साधन वापरावे. ते पहिल्यांदा सगळे घेते आणि पुढे फक्त बदललेले तुकडे जोडते. जुन्या प्रती वगळताना त्याच्या 'फर्गेट' आदेशासोबत 'प्रून'ही द्यावे, कारण नुसत्या 'फर्गेट'ने जागा मोकळी होत नाही. बॅकअपआधी सर्व्हरवर 'सेव्ह-ऑफ' (आपोआप साठवणे थांबवण्यासाठी) आणि मग 'सेव्ह-ऑल फ्लश' (सगळे लगेच डिस्कवर लिहिण्यासाठी) द्यावे, काम झाल्यावर 'सेव्ह-ऑन' विसरू नये. आणि कृपया बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवावा. ही एसएसडी गेली, तर किल्ला आणि त्याच्या तेराही प्रती एकदमच जातील.

दुसरे उत्तर

वरील सल्ला योग्य आहे, पण १४ जीबीचे जगही कमी करता येते. मुले इलिट्रा, म्हणजे खेळातले पंख, लावून दूरवर उडत गेली, की वाटेतला प्रत्येक चंक तयार होऊन डिस्कवर कायमचा बसतो, मग तिथे पुन्हा कोणी फिरको वा न फिरको. खेळाडू चंकच्या आसपास किती वेळ होते, याची नोंद 'इनहॅबिटेड टाइम' या नावाने त्या चंकमध्येच असते आणि ती टिक या खेळाच्या वेळेच्या एककात मोजली जाते. २० टिक म्हणजे एक सेकंद. एमसीए सिलेक्टर या साधनात २४०० टिकांपेक्षा, म्हणजे दोन मिनिटांपेक्षा, कमी वेळ असलेले चंक निवडून पुसता येतात. हे सर्व्हर बंद ठेवून आणि पूर्ण प्रत हाताशी असतानाच करावे.

हाताने फाइली पुसणार असाल, तर गणित नीट समजून घ्यावे. एका एमसीए फाइलीत ५१२ बाय ५१२ ठोकळ्यांचा भाग असतो. समजा किल्ला खेळातल्या नकाशावर एक्स उणे ३०० आणि झेड ७०० या स्थानी आहे: ५१२ ने भागून खालच्या पूर्णांकावर यावे, म्हणजे ती फाइल 'आर.-१.१.एमसीए' होय. ऋण संख्येला वरच्या पूर्णांकावर नेऊन शून्य धरले, तर भलतीच फाइल हाती येते, आणि बहुतेक अपघात याच ठिकाणी होतात. शिवाय एंटिटीज (प्राणी वगैरे) आणि पीओआय (गावकऱ्यांच्या कामाच्या जागा वगैरे) या फोल्डरांतल्या त्याच नावाच्या फाइलीही सोबत काढाव्या लागतात.

एक सावधगिरी: रुळावरून गाडी भुर्रकन जाते, त्यामुळे रेल्वेमार्गाखालच्या चंकांत वेळ फार थोडा भरतो. तेवढा भाग निवडीतून स्वतः वगळावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपल्या सावधगिरीमुळेच वाचलो. मुलांनी किल्ल्यापासून होटगी जंक्शन म्हणून बांधलेल्या स्थानकापर्यंत रूळ टाकले आहेत, आणि निवड केल्यावर नकाशात तो अख्खा पट्टा पुसण्याच्या रंगात आला होता. मुलाला शेजारी बसवून तो भाग एकेक चंक करून वगळला. जगाचा फोल्डर आता ५ जीबीवर आला आहे. झिप अजून पुसलेल्या नाहीत. बाहेरच्या डिस्कवर रेस्टिकची पहिली प्रत घेऊन ती दुसऱ्या फोल्डरात परत उघडून पाहीन, तलाव आणि मंदिर जागेवर दिसले की मगच पुसेन.

दुसरे उत्तर देणारे सदस्य

उत्तम. पुसून झाल्यावर 'वर्ल्डबॉर्डर सेट ६०००' हा आदेश द्यावा, म्हणजे मध्यापासून प्रत्येक दिशेला ३००० ठोकळ्यांपलीकडे कोणाला जाता येणार नाही. होटगीचे स्थानक त्या हद्दीत बसते का, हे मात्र आधी पाहावे.