आईच्या फुफ्फुसात माल्ट लिम्फोमा (लसिकापेशींचा एक कॅन्सर), डॉक्टर म्हणतात सध्या औषध नको. कोणाला अनुभव?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याकडचे, जिल्हा यवतमाळ. आई साठीची. कोरडा खोकला लांबला, एक्स-रेत उजवीकडे डाग दिसला. आपल्याकडे एवढ्यावर टीबी ठरतोच. थुंकीची सीबीनॅट (टीबीची तपासणी) निगेटिव्ह असूनही टीबीच्या गोळ्या झाल्या, डाग तसाच. शेवटी नागपूरला सीटीवर बघून सुईने तुकडा काढला. रिपोर्टमध्ये 'एक्स्ट्रानोडल मार्जिनल झोन लिम्फोमा', म्हणजे हाच माल्ट; पेशींवरच्या खुणांपैकी सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी५ आणि सीडी१० निगेटिव्ह. पेट स्कॅनप्रमाणे आजार फुफ्फुसातच आहे.

डॉक्टरांनी नीट समजावलं: फुफ्फुसाच्या शंभर कॅन्सरमध्ये असा एकही नसतो, वर्षानुवर्षं हळू वाढतो, फार त्रास नसेल तर सीटी काढत लक्ष ठेवायचं. दम लागला, ताप, रात्री घाम, वजन उतरणं सुरू झालं की रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरचं औषध, एकटं किंवा केमोसोबत. मला पटलं. मामाला नाही. "कॅन्सर म्हणून राहिले अन् औषध देऊन नाही राहिले, असा कोणता डॉक्टर?" घरात रोज हेच.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, तोंड कोरडं पडतं का? आई भाकरीच्या प्रत्येक घासाला पाणी पिते, आम्हाला वाटे सवय आहे. डोळ्यांत खुपतं ते वावरातल्या धुळीवर ढकललेलं. रक्ताची ॲन्टी-रो तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे शोग्रेन; यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या अन् अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. त्यात असा लिम्फोमा होण्याचा धोका जास्त असतो म्हणे. आता संधिवाताचे डॉक्टर वेगळे, कॅन्सरचे वेगळे. दोघांच्या औषधांचा मेळ तुमच्याकडे कोण घालतं?

नुसतं लक्ष ठेवण्यावर कोणी आहे का इथे? सीटी किती महिन्यांनी काढता? रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी तपासावीच लागते, झोपलेला विषाणू उठू शकतो, हे कळलंय. ती आताच करून ठेवावी का? फुले योजनेत हे औषध कोणाला मिळालं? आणि तुकड्याचा ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) मुंबईला टाटामध्ये दुसऱ्या मतासाठी नेला असेल तर सोबत काय काय कागद लागले?

जडीबुटीवाल्यांचे नंबर कृपया नकोत, मामाने पुरेसे आणलेत.

वेचणी तोंडावर आलीय आणि आई वावरात जायचंच म्हणते. फवारणीच्या दिवशी तर जाऊ देणार नाही, पण एरवी कापूस वेचायला जाऊ द्यावं का? पुढच्या तारखेला डॉक्टरांना विचारणारच आहे, तोवर तुमचं सांगा.