चाळीस दिवसांचा दारूगोळा हवाच कशाला?

कोरेगावचा_हिशेबी
परवा साताऱ्याजवळच्या, घरोघरी फौजी असलेल्या अपशिंगे मिलिटरी गावात मेव्हण्याकडे जेवायला गेलो होतो. त्या गावात पानं वाढायच्या आधीच पलटणीचा विषय निघतो. कुणीतरी कॅगचा (सरकारी खर्च तपासणाऱ्यांचा) 2017 चा अहवाल काढला: सप्टेंबर 2016 मध्ये लष्कराच्या 152 प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी 40 टक्के प्रकार दहा दिवससुद्धा पुरले नसते. नियम तेव्हा चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल एवढ्या साठ्याचा. सगळे हळहळले, मला मात्र नियमच खटकला. तोफा किती, रोज एका तोफेला गोळे किती, दिवस किती, करा गुणाकार. 1971 चं युद्ध तेरा दिवसांत आटोपलं. मग उरलेल्या दिवसांचा पैसा कोठारात कशाला कोंडायचा? वीस दिवस पुरे.

रिटायर्ड_तोपची
हिशेबी भाऊ, वीस दिवस ही तेव्हा लष्कराचीच किमान पातळी होती. धोका पत्करून कशीबशी चालवायची ती. तुम्ही तिलाच भरलं ताट म्हणताय.
आणि कारगिल सोयीनं विसरलात. तिथं गोळे, उखळीचे बॉम्ब, रॉकेटं मिळून अडीच लाखांवर डागले. रोजचे साधारण 5,000, पण टायगर हिल घेतलं त्या दिवशी 9,000. सरासरीवर भागवणाऱ्यानं त्या दिवशी काय केलं असतं? वर पोरं कडा चढत असताना खालून "आजचा कोटा संपला" म्हणायचं? बरं, एवढं सगळं एका टापूत. बाकीची सरहद्द तेव्हा पेटलेली नव्हती.

मिरजेची_हळद
काका, पटलं, पण अर्धंच. रोजचा दर ठरतो तो मागच्या लढायांवरून. आम्ही सांगलीकरांनी 2005 च्या पुराच्या खुणा भिंतीवर जपल्या, "एवढंच येतं" म्हणून सामान त्याच्या वर ठेवलं. 2019 ला पाणी त्याच्याही वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटली ते आठवलं की अजून घास उतरत नाही.
म्हणून वीस की चाळीस यापेक्षा मी विचारेन, साठा संपल्यावर कारखाना महिन्याला देणार किती? युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा अमेरिका 155 मिमीचे गोळे महिन्याला जेमतेम 14 हजार बनवत होती. कारगिलच्या हिशेबात तीन दिवस! (काकांच्या आकड्यात उखळी, रॉकेटंही आहेत, ठाऊक आहे. तरी.)

कोरेगावचा_हिशेबी
ताई, हेच तर! पैसा कारखान्यात घाला, कोठारात नको. दारूगोळ्यालाही मुदत असते, गहू साठवल्यासारखा तो साठवता येत नाही. 2016 ला पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोत आग लागली तेव्हा किती जीव गेले.

रिटायर्ड_तोपची
मुदत संपत आलेला माल सरावात उडवतात आणि नवा आत घेतात, म्हणून तर सरावाची मागणी वेगळी धरावी लागते. तीच आधी कापली जाते, हे मात्र खरं दुखणं. दुसरं, नुसते गोळे मोजू नका. गोळा फोडणारा फ्यूज नसेल तर तोफेचा गोळा म्हणजे लोखंडाचा ठोकळा. कॅगनं त्यावरही बोट ठेवलं होतं, पण दिवसांच्या भांडणात ते कुणी वाचत नाही. आणि कारखाना वेग पकडेपर्यंत लढायचं कशावर? कोठारावरच ना?

कोरेगावचा_हिशेबी
बरं, वीस मागे घेतो. चाळीस अजून मान्य नाही.

रिटायर्ड_तोपची
चालेल. फक्त अपशिंग्यात परत गेलात तर वीसचा आकडा हात धुतल्यावर काढा, जेवणाआधी नको.