‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये गाळलेलं आणि गवसलेलं

डेव्हिड लीनने १९४६च्या चित्रपटात डिकन्सची निम्मी कादंबरी गाळली अशी तक्रार केली जाते, आणि ती खरी आहे. लोहाराच्या भट्टीवरचा दुष्ट कामगार ऑर्लिक तर अख्खाच गायब. पण दोन तासांत सगळं कोंबलं असतं तर नुसती पळापळ झाली असती.

मला सुरुवातच पुरते. दलदलीच्या कडेने धावणारा एवढासा पिप, कथेचा पोरका नायक, वर भलंमोठं आभाळ. मग दफनभूमी. वाऱ्याने झाडं करकरतात, पोरगं घाबरून इकडेतिकडे बघतं, पळायला वळतं आणि थेट कैद्याच्या अंगावर आदळतं. कितीदाही पाहा, दचकायला होतंच.

आणि मिस हॅविशॅमची खोली! लग्नाच्या दिवशीच फसवली गेलेली, तेव्हापासून तोच पोशाख घालून बसलेली ही बाई. पुस्तकात तिचा लग्नाचा पोशाख पांढऱ्याचा पिवळा पडलेला आहे. इथे चित्रपट कृष्णधवल, रंगच नाही, त्यामुळे लेस कुठे संपते आणि कोळ्याचं जाळं कुठे सुरू होतं तेच कळत नाही. गाय ग्रीनला या छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्य.

शेवट मात्र मला पटत नाही. पिप मिस हॅविशॅमच्या वाड्यातले पडदे ओरबाडून उजेड आत आणतो. कादंबरीत हा वाडा केव्हाच पाडलेला असतो, आणि उरलेल्या ओसाड जागेतून पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला संध्याकाळच्या विरत्या धुक्यात बाहेर पडतात. ते जास्त आत लागतं.