अनुभव धागा: संसार सांभाळून भाजलेल्या लष्कराच्या भाकऱ्या

कृष्णाकाठ

आमच्या दहावीच्या वर्गाचा (१९७८) मेळावा ठरतोय, सांगलीतच. स्मरणिकेसाठी ग्रुपवर एक फॉर्म आलाय. शिक्षण, नोकरी-व्यवसाय, पद, मुलं कुठे असतात. काल रात्री भरायला बसले आणि नोकरीच्या रकान्यापाशी थांबले. 'गृहिणी' लिहिलं की फॉर्म पुढे सरकतो, पण मग बालवाडी, पोलिओ, महापूर हे सगळं कुठे लिहायचं? रात्रभर तेच आठवत राहिलं म्हणून इथे लिहितेय.

दहावीनंतर शिवणाचा कोर्स, मग लग्न. गावभागातलं एकत्र कुटुंब. सासूबाई महिला मंडळात होत्या, मंडळाची बालवाडी देवळाच्या ओवरीत भरायची. तिथल्या बाई बाळंतपणाला गेल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू जा दोन महिने, पोरांना गाणी शिकव." ते दोन महिने लांबत लांबत माझी धाकटी हायस्कुलात जाईपर्यंत चालले. पगार नव्हता, आणि मी कधी मागितलाही नाही. सकाळी डबे झाले की मी बालवाडीत, तोवर वरणाचा कुकर सासूबाई लावायच्या. मामंजी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायचे, पण पावसात मला सोडायला छत्री घेऊन तेच यायचे.

मग डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओची पहिली फेरी आली. आम्हा बालवाडीच्या बायकांनाच केंद्रावर बसवलं, कारण गल्ल्या आम्हाला पाठ. कुणाकडे नवं बाळ आहे, कोण बाळंतपणाला माहेरी आलीय, वीटभट्टीवर कुठलं बिऱ्हाड उतरलंय, हे कुठल्या यादीत नसतं. एका आजीने तोंडावर दार लावलं होतं, नातवाला ताप येईल म्हणून. मी परत फिरले. संध्याकाळी सासूबाई एकट्याच तिच्याकडे गेल्या, चहा पिऊन आल्या, आणि दुसऱ्या दिवशी आजी नातवाला कडेवर घेऊन हजर. त्या चहात काय बोलणं झालं ते सासूबाईंनी कधी सांगितलं नाही.

२००५ चा पूर पाहिला होता, पण २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे. तिच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून आसपासच्या बायका चपात्या लाटत बसल्या होत्या, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. पाणी ओसरल्यावरचा चिखल मात्र त्या पाण्याहून वाईट. आमच्या गल्लीत आधी म्हाताऱ्या माणसांची घरं धुतली, मग आपापली.

तुम्हीही लिहा. शाळा सुटल्यावर घरसंसार करता करता दुसऱ्यांसाठी काय काय केलंत, घरच्यांनी कसं निभावलं. लहानमोठं सगळं चालेल.

चिंचगुळ

ताई, फॉर्मला पुरवणी जोडा! परीक्षेत जोडायचो तशी, दोऱ्याने बांधून.

माळवद

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी विसर्जन होतं. आम्ही मंडळाची पोरं उशिरा झोपलेलो, औशाजवळचं गाव. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आमच्याकडे भिंतींना चिरा पडल्या, माणसं वाचली. उजाडता उजाडता किल्लारीकडून बातम्या यायला लागल्या. मिरवणुकीचा ट्रॅक्टर दारातच होता, त्यावरचा मंडप ओढून काढला आणि निघालो. मी तेव्हा बारावीत.

काय पाहिलं ते सगळं लिहीत नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ते झोपलेल्या माणसांवर बसलं. वरून पाऊस. फावडी कमी पडली म्हणून हाताने दगड काढले. दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

नंतरचं काम कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले. शर्ट, पॅन्ट, नायलॉनच्या पाचवारी साड्या. आमच्या म्हाताऱ्या बायकांना नऊवारी लुगडं पाहिजे होतं, भाकरीला तवा पाहिजे होता, पावसाला ताडपत्री पाहिजे होती. कित्येक दिवस आम्ही कपडे निवडत होतो, कामाचे वेगळे, बिनकामाचे वेगळे. तेव्हापासून कुठेही काही पाठवायचं म्हटलं की आधी फोन करून विचारतो काय पाहिजे.

तिथला एक पोरगा आईने घरी आणला शाळेसाठी. तीन भावांत चौथा. आता त्याचीच पोरगी कॉलेजात आहे आणि दिवाळीचा पहिला फराळ त्याच्याकडून येतो. आई ८० च्या पुढे, अजून त्यालाच जास्त जीव लावते, आम्ही तिघं बघत बसतो.

प्राजक्त

माळवद दादा, वाचून डोळे भरले. तुमच्या आईला नमस्कार सांगा.

मोगरा

कृष्णाकाठ, छान धागा. भाजी फोडणीला टाकून लिहितेय, तुटक वाटेल.

मी अंध मुलांसाठी वाचते. पुण्यात. सुरुवात कॅसेटपासून, शेजारच्या काकू करायच्या त्यांचं बघून. बी.ए.ची पुस्तकं, इतिहास, राज्यशास्त्र. दुपारी मुलं शाळेत गेली की दार लावून रेकॉर्डिंग. एकदा एक विद्यार्थी भेटायला आला आणि म्हणाला, "काकू, तुमच्याकडे तीन शिट्ट्यांचा भात असतो ना? पहिल्या महायुद्धाच्या मधोमध ऐकू येतो." आम्ही दोघं इतके हसलो!

यात शिकण्यासारखं खूप आहे. नकाशा आला की 'आकृती पहा' म्हणून पुढे जाता येत नाही. उत्तरेला काय, नदी कुठून कुठे जाते, सगळं शब्दांत मांडायचं. नावं पहिल्यांदा आली की एकेक अक्षर सुटं करून सांगायचं, कारण मुलांना पुढे ती लिहायची असतात. तळटीप कुठे वाचायची हे आधी ठरवायचं. आणि फार नाट्य आणून वाचायचं नाही, मुलांना अभ्यास करायचा असतो. आता सगळं मोबाइलवर होतं, फाइल पाठवली की झालं. पण मराठी पुस्तकांना माणसाचा आवाज अजून लागतोच, जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही.

भाजी लागली बहुतेक. येते

विदर्भी

सोमनाथ! श्रमसंस्कार छावणी, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर. बाबा आमटेंचा प्रकल्प. कोणी गेलं आहे का इथे? मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन माहीत आहे ना, त्यात पहाटे उठून कुदळ-घमेलं. बारावीचा निकाल लागायच्या आधी गेली होती मी. बाबांना पाठीमुळे बसता येत नसे, उभं राहून नाहीतर झोपून. झोपल्या झोपल्या बोलायचे आणि आम्ही शेकडो पोरं मातीत बसून ऐकायचो. बांधावर माती टाकायला रांग लागायची, माझ्या पुढे जो उभा राहायचा तोच पुढे माझा नवरा झाला. घरचे म्हणाले, काहून गं, आम्ही इथं स्थळं पाहून राहिलो आणि तू मातीतून शोधून आणलं!

लग्नानंतर दोघांनी ठरवलं, वर्षातला एक आठवडा तिथला. मुलं झाली तर मुलांना घेऊन. सासरची मंडळी म्हणायची सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात. मुलगी आता आर्किटेक्ट आहे, तिला माती कशी बसते ते कॉलेजच्या आधी माहीत होतं.

चिंचगुळ

>> तू मातीतून शोधून आणलं

हे भारीच 😀 विदर्भी, छावणी अजून होते का? भाचा विचारतोय.

विदर्भी

होते की. मेच्या मध्यावर असते साधारण. वरोऱ्याला आनंदवनात विचारायला सांग. टोपी, पंचा आणि पाण्याची बाटली, बाकी काही नको.

सिस्टर

कृष्णाकाठ ताई, मी त्या पोलिओच्या बाटल्या वाटणारी. निवृत्त झाले. आम्ही पगारी माणसं, केंद्र उघडून बसू शकत होतो. दार तुमच्या बायकांनी उघडून दिलं. नंतर घरोघर फिरायला लागलो तेव्हा दारावर खडूने खुणा करायचो. ज्या घरात बाळ राहिलंय तिथे फुली, परत जायचं. त्या फुलीच्या घरी शेजारीण बरोबर असेल तरच काम व्हायचं.

बाटलीवरचा तो छोटा चौकोन आठवतो का? बाहेरचा गोल गडद, आतला चौकोन फिकट असेल तोवरच लस चालते. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. मे महिन्यात दर थोड्या वेळाने डबा उघडून तो बघायची आणि डबा उघडला म्हणून मलाच ओरडा बसायचा.

आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११, हावडा जिल्ह्यातली मुलगी. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला तेव्हा मी ड्यूटीवर होते. आम्ही पेढे वाटले. त्यातला एक तुमच्या सासूबाईंचा होता असं समजा.

कृष्णाकाठ

सिस्टर, सासूबाई २०१२ मध्ये गेल्या. पेढा त्यांच्या नावाने स्वीकारला. चौकोन आठवतो! आम्ही त्याला टिकली म्हणायचो.

रानजाई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, चालेल ना. माझी आई अशीच होती. मंडळ, शिबिरं, साक्षरतेचे वर्ग. गावात तिला मान. आम्ही भावंडं शाळेतून आलो की कुलूप. किल्ली तुळशीच्या कट्ट्यावर, डब्यात चिवडा. मला न्हाण आलं त्या दिवशी ती वर्गावर होती, शेजारच्या काकूंनी सांभाळलं. राग पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. तिने शिकवलेल्या बायका आजही भेटल्या की तिच्याबद्दल भरभरून बोलतात, मला आनंदही होतो आणि गळाही दाटतो. दोन्ही खरं आहे.

मीही रक्तदान शिबिरात कामाला जाते. पण फ्रिजवर कागद लावते, किती वाजता घरी.

प्राजक्त

रानजाई 🤗 हे लिहिलंस ते बरं झालं.

कृष्णाकाठ

रानजाई, तुमचं दोनदा वाचलं. माझ्याकडे घरात सासूबाई होत्या म्हणून माझ्या मुलांना कुलूप दिसलं नाही. तुमच्या आईंना तशी सोबत नसावी. त्या काळात बाईने बाहेरचं काम करायचं तर घरातलं सगळं करून वर करायचं, हाच नियम. कोणीतरी एक कमी पडणारच होतं, आणि ते मुलांच्या वाट्याला आलं. मी आज मुलीला फोन करून विचारणार आहे, तिला काय आठवतं.

पाऊलवाट

रक्तदानाचा विषय निघालाच आहे तर, आमच्या सौ. दर शिबिराला येतात आणि दर वेळी त्यांना परत पाठवतात. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, त्यांचं अकराच्या घरात. मग त्या चहा-बिस्किटाच्या टेबलावर बसतात, लोकांना उन्हात लगेच गाडी चालवू देत नाहीत. उपाय सुचवा कोणी.

मोगरा

अळिवाचे लाडू! पण आधी डॉक्टरांना विचारा, कमी का आहे ते कळू दे. जेवल्या जेवल्या चहा बंद, लोह अंगी लागत नाही त्याने.

झुणकाभाकर

आमच्याकडे वारी. नाना पेठेत राहतो. माउली आणि तुकोबा दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला, वाडा पूर्ण वारकऱ्यांना मोकळा. आजोबांपासून चालू. मी अकरावी मॅट्रिक, पुढे छापखान्यात नोकरी, पण आषाढीच्या आधीची ती रजा कधी चुकली नाही. मुलगा चपलांचे अंगठे शिवायला बसतो, सून डॉक्टर आहे ती पायाचे फोड बघते. गॅलरीभर धोतरं वाळत असतात.

चिंचगुळ

आणि पिठलं-भाकरी! लसूण घालून की न घालता?

झुणकाभाकर

पुष्कळांना कांदा-लसूण चालत नाही, त्यामुळे न घालता. आणि माउलींची पालखी बहुतेक वेळा एकादशीला सासवडकडे निघते, दिवेघाट चढून. त्या सकाळी भाकरी नाही, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. साबुदाणा आम्ही देत नाही, घाट चढायचा असतो, तहान लागते.

दूरदेशी

इथे रात्र आहे, लेक झोपलीय. अमेरिकेत एच-४ व्हिसावर (नोकरीवाल्याच्या जोडीदाराचा) आले तेव्हा नोकरीची परवानगीच नव्हती. हातात पदवी आणि रिकामा दिवस. गावच्या लायब्ररीत लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला माणूस हवा होता, तिथून सुरुवात. आता रविवारी मराठी शाळा. मुलांना 'ळ' म्हणायला शिकवते, बाळ, केळं, कावळा. आई-बाबा बाहेर गाडीत बसून थांबतात, त्यांना आत बोलावून पोह्यांच्या कामाला लावलं.

तुम्हा सगळ्यांचं वाचून घरची फार आठवण आली. मोगरा ताई, मी इथून वाचून पाठवू शकते का? आवाज स्वच्छ आहे.

मोगरा

अगं नक्की! निरोप टाक. आणि इथल्या सगळ्यांना, वाचनापेक्षा अडचण लेखनिकांची असते. दहावीच्या अंध मुलांना परीक्षेला लिहून देणारं हवं, ते खालच्या इयत्तेतलंच चालतं. दर तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे बसायची तयारी हवी. अक्षर सुवाच्य, आणि सांगितलं तेवढंच लिहायचं, मनचं नाही. ऐन मार्चमध्ये कोणी मिळत नाही, सगळ्यांच्या स्वतःच्या परीक्षा.

रानजाई

माझा धाकटा नववीत आहे. अक्षर चांगलं आहे. कागदपत्रं काय लागतात?

मोगरा

त्याच्या शाळेचं पत्र, ओळखपत्र, फोटो. परीक्षा मंडळाची मंजुरी आधी घ्यावी लागते, ती दहावीच्या मुलाची शाळा करते. पण आधी त्याला विचार हं, त्याची स्वतःची परीक्षा त्याच दिवसांत येईल.

रानजाई

विचारते. आत्ता क्लासला गेलाय, आठला येईल.