निष्ठावंत, चारित्र्यसंपन्न, प्रामाणिक : तिन्ही एकच का?

एका राष्ट्रीय नेत्यावरच्या लेखात ही तीन विशेषणं एका दमात वाचली. मला ती एकाच अर्थाची वाटत नाहीत. नेत्याची सचोटी जोखताना यातला नेमका कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद १

एकच नाहीतच. 'प्रामाणिक'च्या पोटात 'प्रमाण' आहे. हिंदीत आजही ग्रंथ प्रामाणिक असतो आणि माणूस ईमानदार. मराठीने तो शब्द माणसाला लावला, हे मला फार आवडतं, कारण त्यात पुरावा मागायची सोय आहे.

'इमान' अरबी, मुळात श्रद्धा. तिथे लगेच विचारावं लागतं, इमान कोणाशी? 'निष्ठावंत'चं तेच. आजच्या राजकीय मराठीत निष्ठावंत म्हणजे पक्ष न सोडलेला (आणि बहुधा तिकीटही न मिळालेला). पुढाऱ्याशी एकनिष्ठ राहून देशाशी बेइमानी करता येते, त्यामुळे सचोटीच्या जागी हा शब्द नको.

प्रतिसाद २

'चारित्र्य'ही जपून वापरा. मूळ 'चर्', म्हणजे चालणं, वागणं. पण आपण तो इतका आक्रसून टाकलाय की 'चारित्र्यावर संशय' म्हटलं की कोणाच्या डोक्यात सरकारी कंत्राट येत नाही. नेत्याचा संसार नेटका असला की त्याचे हिशोबही नेटके, असं आपण धरून चालतो.

आणि अब्रू, इभ्रत? अब्रू म्हणजे फारसीत चेहऱ्याचं पाणी, तेज. ते बघणाऱ्याच्या नजरेत असतं. म्हणून अब्रूनुकसानीचा दावा लावता येतो, सचोटीनुकसानीचा नाही!

प्रतिसाद ३

मंत्र्यांची शपथ आठवा : 'निर्भयपणे व निःस्पृहपणे तसेच कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता'. माझं मत 'निःस्पृह'ला. स्पृहा म्हणजे हाव, आणि ती फक्त पैशाची नसते. लाच न घेणारा पण खुर्चीला चिकटलेला नेता प्रामाणिक म्हणवेल, निःस्पृह नाही. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबाला दोषी ठरवणाऱ्या रामशास्त्र्यांना आपण निःस्पृह म्हणतो ते म्हणूनच.

१९५६ साली अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. गाडी काही ते चालवत नव्हते.

मूळ प्रश्नकर्ता

पण राजीनामा दिला म्हणजे निःस्पृह, असं सूत्र धरलं तर टी. टी. कृष्णम्माचारींचं काय? मुंदडा प्रकरणात (आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवल्याचं प्रकरण) १९५८ साली त्यांनाही अर्थमंत्रिपद सोडावं लागलं.

प्रतिसाद ३

खरंय, 'सोडलं' आणि 'सोडावं लागलं' यातच सगळं आलं. तिथे न्या. छागला यांच्या चौकशीत मुद्दा जबाबदारीचा होता : सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची. म्हणजे 'जबाबदार' ठरणं वेगळं आणि 'अप्रामाणिक' ठरणं वेगळं. बातम्यांमध्ये मात्र दोन्हींसाठी 'नैतिकता' हा एकच शब्द वापरून मोकळे होतात. राजीनामा मागणाऱ्याच्याही तोंडी तोच, न देणाऱ्याच्याही.

मूळ प्रश्नकर्ता

मग पैशापुरतं बोलायचं तर 'सचोटी', शब्द आणि कृती पडताळायची तर 'प्रामाणिक', सत्तेशी नातं सांगायचं तर 'निःस्पृह'. 'निष्ठावंत' पक्षाच्या फलकासाठी सोडून देतो. आता नावाआधीच्या 'मा.'चं तेवढं सांगा.

प्रतिसाद २

ते माननीय की माजी, हे निकालाच्या दिवशी कळतं.