मदत हवी आहे: उणे ३० मध्ये कोंबड्यांचं खुराडं कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत मिनेसोटात डुलुथच्या उत्तरेला राहतो, एप्रिलमध्ये सहा पिल्लं आणली होती, आता चांगल्या अंड्यावर आल्यात आणि हा त्यांचा पहिलाच हिवाळा. चार वायनडॉट जातीच्या आहेत, दोन पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या. कोकणात आजी संध्याकाळी कोंबड्या डालायची तेव्हा भीती असायची मुंगसाची नाहीतर रानमांजराची, थंडीचा कधी विचारच करावा लागला नाही, त्यामुळे इथे मला विचारायला घरचं कोणी नाही.

झालं असं की गेल्या आठवड्यात पारा उणे ३० सेल्सिअसच्या खाली जाणार म्हणून मी घाबरून खुराड्याची एकूणएक फट बुजवली, वरच्या झडपांतसुद्धा फोम कोंबला. दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर आतून काचेवर जाड बर्फ, छताच्या खिळ्यांच्या टोकांवरही बर्फ, शिटेतून सुटणाऱ्या अमोनियाने डोळे चुरचुरले आणि एका लेगहॉर्नच्या तुऱ्याची टोकं राखाडी पडलेली. आता ती काळी झालीत. फार वाईट वाटतंय, कारण हे माझ्याच हातून झालं. वायनडॉटना काहीच नाही, त्यांचा तुरा बसका असतो ना.

शेजारचे एक म्हातारे शेतकरी येऊन बघून गेले. म्हणाले कोंबडीचं अंग मुळात ४१ डिग्रीच्या आसपास गरम असतं, पिसं फुलवून ती कोरडी थंडी बरीच सोसते, पण श्वासाची आणि शिटेची वाफ आत कोंडली की ओल तुऱ्यावर बसते आणि तिथेच फ्रॉस्टबाइट होतो, म्हणजे थंडीने तेवढा भाग गोठून मरतो. वरच्या झडपा आधी उघड म्हणाले. पटलं, पण रात्री बाहेर वारा सुटला की झडप उघडी ठेवायला हात धजत नाही हो.

बाकी एवढं केलंय: खाली वीतभर लाकडाचा भुसा, रोज उलथते, ओला झालेला काढते. बसायची दांडी टू-बाय-फोरची (इथल्या बांधकामातली चपटी लाकडी पट्टी) आहे, ती रुंद बाजू वर करून लावली म्हणजे बसल्यावर बोटं पोटाखाली झाकली जातात. पाण्याखाली हीटरची तबकडी. झोपायच्या आधी मूठभर मका. अंडी दिवसातून तीनदा उचलते, नाहीतर गोठून तडकतात.

विचारायचंय ते हे की झडपा रात्रभर किती उघड्या ठेवायच्या? आणि नवरा म्हणतो उबेसाठी २५० वॅटचा लाल दिवा टांगू, मला भुसा आणि धुळीमुळे आगीची फार भीती वाटते, शिवाय उबेची सवय लागली आणि मध्यरात्री लाइट गेली तर? कोणी भिंतीवरचा सपाट पॅनेल हीटर वापरलाय का? आणि त्या काळ्या टोकांचं काय करू?

प्रतिसाद:
ताई, मी कॅनडात विनिपेगजवळ असतो, पाचवा हिवाळा. दिवा अजिबात लावू नका, दरवर्षी त्याने कुठे ना कुठे खुराडी जळतात. झडपा दांडीपेक्षा बऱ्याच उंचावर, समोरासमोर, आणि रात्रीसुद्धा उघड्याच. दांडीजवळ दोऱ्याला एक पीस बांधून बघा, ते हललं तर झोत कोंबड्यांवर येतोय, तिथे आडवी फळी लावा. काचेवर आतून बर्फ धरला तर अजून थोडं उघडा. पॅनेल ठीक आहे, पण आजारी कोंबडीपुरता. काळी टोकं चोळू नका, कापू नका, शेकूही नका, वाळून आपोआप गळतील. मात्र सूज किंवा पू दिसला तर व्हेटला दाखवा. पाणी रात्री बाहेर काढा, तेवढीच वाफ कमी.

धागाकर्ती:
दादा, खूप खूप आभार! काल दोन्हीकडच्या झडपा उघड्या ठेवल्या, उत्तरेकडच्या बाजूला पीस हललं म्हणून तिथे फळी ठोकली. पहाटे उणे २७ होतं, पण काच कोरडी, वासही नाही. लेगहॉर्न तुऱ्याला हात लावू देत नाही अजून, मका मात्र सगळ्यांच्या आधी येऊन खाल्ला.